डार्क मॅटर पुन्हा सापडलं नाही! मग ही बातमी का आहे?

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात एक जुनी सोन्याची खाण आहे. तिथं जमिनीखाली जवळपास दीड किलोमीटरवर आता १० टन द्रवरूप झेनॉन भरलेलं यंत्र बसवलंय. डार्क मॅटरचा एखादा कण झेनॉनच्या अणुकेंद्रकावर आदळला, तर प्रकाशाची बारीकशी चमक उठेल, ही आशा. वरून सतत कोसळणारे वैश्विक किरण अडावेत म्हणून एवढं खोल जावं लागलं. या ‘एलझेड’ प्रयोगाने डिसेंबर २०२५ मध्ये ४१७ दिवसांच्या नोंदींचा निकाल जाहीर केला. प्रोटॉनच्या साधारण तिप्पट ते नऊपट वस्तुमानाचे ‘विम्प’ नावाचे कण शोधले जात होते. सापडला एकही नाही. त्याहून जड विम्पही २०२४ च्या निकालात हाती लागले नव्हते.

मग ‘डार्क मॅटर ही थापच’ म्हणायचं का? नाही. कारण त्याचा पुरावा खाणीतून आलेलाच नाही, तो आकाशातून आलाय.

सूर्यापासून जितकं लांब, तितका ग्रहाचा वेग कमी. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर धावते, नेपच्यून जेमतेम साडेपाच. दीर्घिकांमध्येही असंच काहीसं दिसायला हवं होतं. पण १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेतले वेग मोजले, तर कडेचे वायुमेघही वेगातच फिरत होते. दिसणाऱ्या ताऱ्यांचं गुरुत्वाकर्षण त्यांना धरून ठेवायला पुरत नाही. म्हणजे न दिसणारं काहीतरी तिथं आहे, आणि थोडंथोडकं नाही. आजच्या हिशोबाने ते साध्या पदार्थाच्या पाचपटीहून जास्त भरतं. सुरुवातीच्या विश्वात वायू खेचून दीर्घिका घडवायलाही त्याचंच वजन कामी आलं.

गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलून पाहा, असं मॉर्डेहाय मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये सुचवलं. एकेकट्या दीर्घिकांना ते चांगलं लागू पडतं, पण दीर्घिकासमूहांपाशी अडखळतं. त्यामुळे बहुतेक शास्त्रज्ञ अजून डार्क मॅटरच्याच बाजूने आहेत. अडचणीत आलाय तो विम्प, इतकी वर्षं सगळ्यांचा लाडका असलेला उमेदवार. त्याहून कितीतरी हलक्या ‘ॲक्सियॉन’चाही शोध चालू आहे.

या निकालातली खरी बातमी मात्र वेगळीच आहे. यंत्र आता इतकं संवेदनशील झालंय की सूर्याकडून येणारे न्यूट्रिनोही त्यात दिसू लागलेत. कौतुकाचीच गोष्ट, पण डोकेदुखीही! त्यांची चमक हलक्या विम्पच्या अपेक्षित चमकेसारखीच असते. इथून पुढचा शोध म्हणजे तांदळातून पांढरे खडे निवडणं. एलझेडला एकूण १,००० दिवसांच्या नोंदी जमवायच्या आहेत, आणि त्यानंतरच्या यंत्रासाठी ६० टन झेनॉनचा आराखडा आत्ताच तयार होतोय.