राणीच्या बागेतील झाडे

पेण-रोह्याकडील कुटुंबांत मुलांना एकदा तरी मुंबईस नेऊन राणीची बाग दाखविण्याची चाल जुनी आहे. पूर्वी धरमतरच्या नाहीतर रेवसच्या बोटीने मुंबईस उतरावयाचे, मागाहून रोह्यापर्यंत आगगाडी आली. वाहन बदलले, पण भायखळ्याची फेरी सुटली नाही. त्या बागेचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे झाले, तरी आमच्या बायकामुलांच्या तोंडी ती अजून राणीचीच बाग आहे. या नावाबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती ती बाग पाहण्याच्या आमच्या रीतीबद्दल.

आमच्याकडील एका शाळेची सहल तेथे जाऊन आली. मुलांनी लिहिलेले निबंध एका स्नेह्यांनी आम्हांस वाचावयास दिले. बहुतेक सारे पेंग्विनवर होते. वाघ, पाणघोडा यांचा उल्लेख मागाहून. एका मुलाने मात्र लिहिले होते की, बाहेर रस्त्यावर ऊन फार होते आणि आत शिरताच ते कोठे गेले कळले नाही. गुरुजींनी हे वाक्य 'विषयास सोडून' असा शेरा मारून खोडले होते! आमच्या मते त्या गठ्ठ्यात विषयास धरून असलेले वाक्य तेवढेच होते.

ही बाग मुळात प्राणिसंग्रहालय नव्हे. पश्चिम हिंदुस्थानच्या कृषी व उद्यानविद्या मंडळाची बाग प्रथम शिवडीस होती. तेथून ती माझगाव-भायखळ्याच्या जागेत आणण्यात आली आणि 19 नोव्हेंबर 1862 रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते लोकांस खुली झाली. देशोदेशींच्या वनस्पती आणून येथील हवेत रुजवाव्या, त्यांचा अभ्यास व्हावा, हा तिचा हेतू होता. मंडळाचा पैसा संपला तेव्हा, 1873 मध्ये, ती नगरपालिकेकडे आली. पिंजरे त्यानंतरचे आहेत. आज तेथील वृक्षांची गणती तीन हजारांच्या वर जाते. ब्रह्मदेशाची उर्वशी तेथे आहे, आफ्रिकेची गोरखचिंच आहे, दक्षिण अमेरिकेतून आलेला आणि आपल्या लोकांनी शंकराच्या नावाने घरचा करून घेतलेला कैलासपती आहे. कैलासपतीस फुले फांदीच्या टोकास येत नाहीत, थेट बुंध्यावर येतात. एवढे एक नवल उभे राहून पाहिले तरी पोराचा दिवस सार्थकी लागावा. पण त्या सावलीत आम्ही डबे सोडतो, आणि वर पाहत नाही.

दुर्लक्ष म्हटले की केरकचरा व पडक्या भिंती डोळ्यांपुढे येतात. राणीच्या बागेचे दुर्लक्ष निराळ्या जातीचे आहे. ते पैशाच्या तुटीने झालेले नाही. 2007 च्या सुमारास तेथे परदेशी धर्तीचे मोठे प्राणिसंग्रहालय उभारण्याची योजना निघाली, तेव्हा झाडांचे काय होणार हा प्रश्न मुंबईतील काही स्त्रियांनी लावून धरला. त्यांनी झाडे मोजली, नोंदली, वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. त्या योजनेस मूळ स्वरूप सोडावे लागले ते अशा विरोधानंतर. पुढे 2016 च्या जुलैत सेऊलहून आठ पेंग्विन आणले गेले. त्यांतील एक त्याच वर्षी ऑक्टोबरात मेला. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरील पाखराला भायखळ्यास कृत्रिम थंडीत ठेवणे यात कोणते ज्ञान वाढते, ते आम्हांस अद्याप उमगलेले नाही. 2017 मध्ये मोठ्या माणसाचा प्रवेशाचा दर पाच रुपयांवरून पन्नास झाला.

यावर उत्तर ठरलेले आहे: लोकांना प्राणीच हवेत. लोकांना जे दाखवावे तेच त्यांना हवे होते, असे म्हणणाऱ्यांशी वाद काय घालावा? ज्यांचे बालपण रोह्यात गेले त्या चिंतामणराव देशमुखांनी केंब्रिजला जाऊन वनस्पतिशास्त्रात फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळविले, ते 1917 साली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून आमचे लोक त्यांचे नाव अभिमानाने घेतात. झाडापानांच्या विद्येत त्यांनी मिळविलेले यश मात्र कोणी मुलांस सांगत नाही. दुसरा आक्षेप असा की ही बाग साहेबाने केली, तिचे कौतुक आम्ही का करावे? तिच्याच आवारातील संग्रहालयासाठी जगन्नाथ शंकरशेट व भाऊ दाजी लाड झटले, हे ज्यांस ठाऊक नाही त्यांनी हा आक्षेप घ्यावा.

आणखी एक गोष्ट खास आमच्या जिल्ह्याची. त्या संग्रहालयाबाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. तो घारापुरीचा, म्हणजे आमच्या उरण तालुक्यातला. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले ते यावरूनच. 1864 मध्ये त्याला विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला, उचलताना तो पडून फुटला, आणि तुकडे या बागेत येऊन पडले. ते जुळवून हत्ती पुन्हा उभा करावयास 1914 साल उजाडले. पन्नास वर्षे तुकड्यांत पडून राहिलेला हा आपल्या गावकीचा वडीलधारा! त्याच्या पुढून आमची मुले जिवंत हत्ती कोठे आहे असे विचारीत जातात, आणि आम्ही त्यांना पुढे नेतो.

दोष सगळा मुंबईकरांवर ढकलून आम्हांस मोकळे होता येणार नाही. पेणच्या मागे डोंगर आहे, रोह्याभोवती रान आहे. तरी ऐन आणि किंजळ यांतला फरक सांगणारी सुशिक्षित घरे आमच्यात किती निघतील? आजीला झाडांची नावे येत होती, आईला निम्मी आली, मुलीला इंग्रजी पुस्तकातली दोन येतात. अशा घरची मंडळी उद्यानात जाऊन पिंजरा शोधणारच, आणि कारभाऱ्यांनीही पिंजऱ्यावरच खर्च केला तर त्यांना जाब विचारण्याचे तोंड त्यांस उरत नाही.

तेव्हा पालकांस आमचे सांगणे एवढेच की, पुढली फेरी उन्हाळ्याच्या तोंडाशी, उर्वशीच्या बहराच्या सुमारास करावी, पहिला तास झाडांस द्यावा, आणि मुलाने झाडाचे नाव विचारल्यास 'असेल काहीतरी' असे न म्हणता तेथील माळ्यास विचारावे. गुरुजींनीही निबंधाचा विषय आधी बदलावा.