उभयलैंगिक की सर्वलैंगिक? : एक नसता कलह

बेळगावकडील एका तरुण वाचकाचे पत्र आमच्यापुढे आहे. स्त्री आणि पुरुष ह्या दोहोंविषयी आपल्याला ओढ वाटते, ही गोष्ट आईच्या गळी उतरविण्यास त्याला दोन वर्षे लागली. 'उभयलैंगिक' हा शब्द त्या माउलीने मोठ्या कष्टाने आत्मसात केला. आणि आता पुण्या-मुंबईकडचे त्याचे मित्र त्याला सांगतात की, हा शब्द जुना झाला, तो संकुचित आहे, पारलिंगी माणसांना वगळणारा आहे. तू स्वतःस 'पॅनसेक्शुअल', म्हणजे सर्वलैंगिक, म्हणवून घे. "आईला पुन्हा पहिल्यापासून शिकवू काय?" असे तो विचारतो. ह्या प्रश्नाचे उत्तर थोडे कठोरपणे द्यावे लागत आहे. मात्र तो कठोरपणा त्या तरुणासाठी नाही.

वगळण्याच्या ह्या आरोपाचा सारा डोलारा एका उपसर्गावर उभा आहे. 'बाय' म्हणजे दोन. सबब बायसेक्शुअल माणसाला जगात दोनच लिंगभाव मान्य असले पाहिजेत, असा हा तर्क. असा तर्क करणाऱ्यांनी आपल्याच स्वयंपाकघरात डोकावून पाहावे. तेल हे मूळचे तिळाचे. तरी शेंगदाण्याच्या तेलाला तेल म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही. प्रवीण म्हणजे मुळात वीणावादनात निष्णात. पण प्रवीण वकिलाकडे जाताना कोणी वीणा घेऊन जात नाही. योगापेक्षा रूढी बलवत्तर, हे आपल्या शास्त्रकारांनी केव्हाच ठरवून टाकले आहे.

आणि रूढी तरी काय सांगते? अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील उभयलैंगिकांनी १९९० साली जो जाहीरनामा काढला, त्यातच त्यांनी बजावले होते की, आमची लैंगिकता द्विभागी आहे असे गृहीत धरू नका आणि लिंगभाव दोनच असतात असेही समजू नका. रॉबिन ऑक्स ह्या विदुषीने केलेली व्याख्या आज सर्वत्र प्रमाण मानली जाते. तिचा आशय असा की, एकाहून अधिक लिंगभावांच्या व्यक्तींविषयी आकर्षण वाटू शकणे म्हणजे उभयलैंगिकता. मग ते आकर्षण एकाच वेळी, एकाच रीतीने वा एकाच प्रमाणात असण्याचे कारण नाही. जे वगळलेच नव्हते, ते वगळल्याचा आरोप ठेवून तीस-पस्तीस वर्षांच्या चळवळीला प्रतिगामी ठरविणे, ह्याला न्याय म्हणत नाहीत.

मग सर्वलैंगिक हा शब्द निरर्थक काय? असे म्हणणारे, नव्या पोरांची ही थेरे आहेत म्हणून नाक मुरडणारे, दुसऱ्या टोकाला बसले आहेत. त्यांचीही आम्ही गय करणार नाही. दोन्ही शब्दांचा संसार पुष्कळसा सामाईक आहे हे खरे. परंतु ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. पहिला शब्द सांगतो की, माझे मन एकाच लिंगभावापुरते मर्यादित नाही. दुसरा सांगतो की, आकर्षणाच्या वेळी समोरच्याचा लिंगभाव हा माझ्या लेखी विचारात घेण्याजोगा घटकच नसतो. एखाद्या उभयलैंगिक माणसाला स्त्रीविषयी वाटणारी ओढ आणि पुरुषाविषयी वाटणारी ओढ ह्यांचा पोत निराळा जाणवतो. सर्वलैंगिकाला तसा भेद बहुधा जाणवत नाही. हा फरक सूक्ष्म आहे, पण बनावट नव्हे. तो जिच्या अनुभवास येतो, तिने त्यासाठी शब्द का मागू नये? जनेल मोने ह्या अमेरिकन गायिकेने २०१८ साली सांगितले की, ती प्रथम स्वतःस उभयलैंगिक समजत होती, पुढे सर्वलैंगिकतेविषयी वाचल्यावर त्यातही तिला स्वतःची ओळख पटली. दोन्ही शब्द एका घरात नांदू शकतात, ते असे.

आमचा खरा राग आहे तो "आम्ही देह पाहत नाही, माणूस पाहतो" ह्या मिरवणुकीवर. जणू काही बाकीचे लोक माणसाऐवजी खुर्ची-मेज पाहून प्रेमात पडतात! आकर्षणाचा पल्ला हा स्वभाव आहे. त्याची नैतिक प्रतवारी लावणे म्हणजे नव्या नावाने जुनेच सोवळे-ओवळे पाळणे होय.

मौज अशी की, ज्या शब्दांच्या मूळ अर्थावरून हा वाद चालतो, ते दोन्ही शब्द मुळात ह्या अर्थाचे नव्हतेच. एकाच देहात स्त्री-पुरुषांची लक्षणे असणे, ह्या अर्थाने पहिला शब्द एकोणिसाव्या शतकात जीवशास्त्रात वावरत होता. आणि फ्रॉईड प्रत्येक गोष्टीचे मूळ कामवासनेत शोधतो, असा त्याच्यावर ठपका ठेवणारे टीकाकार त्याच्या मताला सर्वलैंगिकतावाद म्हणत. जीवशास्त्रातील ह्या जुन्या अर्थामुळेच किन्सेला १९४८ च्या ग्रंथात बायसेक्शुअल हा शब्द रुचला नाही, आणि त्याने शून्य ते सहा अशी मोजपट्टी पुढे केली. आपल्या मराठी वृत्तपत्रांना मात्र अद्याप तो घोळ उमगलेला नाही. ती सर्रास 'उभयलिंगी व्यक्ती' असे छापतात. अहो, उभयलिंगी असते ते जास्वंदीचे फूल, ज्यात पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र नांदतात! देहाची रचना निराळी आणि मनाची ओढ निराळी. वास्तविक लिंग म्हणजे देहच, असा आग्रह तरी आपण कोणत्या तोंडाने धरावा? आपल्या कोंकणी भगिनीभाषेत धडधाकट 'चेडूं' नपुंसकलिंगी असते आणि मराठीत 'पोरगं'ही. त्यावाचून कोणाचे अडलेले नाही.

ह्या भांडणात ज्याची होरपळ होते तो मात्र तिसराच. उभयलैंगिक माणसाला समलिंगी मित्र म्हणतात, "तू अजून भितोस", घरचे म्हणतात, "तुला मुलीही आवडतात ना, मग लग्न उरक." २०१८ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ३७७ व्या कलमाचा जाच दूर केला आणि २०२३ च्या ऑक्टोबरात समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली, दोन्ही वेळा उभयलैंगिक आणि सर्वलैंगिक एकाच पारड्यात होते. र. धों. कर्वे ह्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिल्याबद्दल खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांची बाजू मांडावयास डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. त्या काळी असे प्रश्न विचारणेच गुन्ह्याचे होते. आज विचारणाऱ्याला त्याचेच सोबती म्हणतात की, प्रश्न ठीक आहे, पण तुझा शब्द चुकला.

त्या तरुणास आम्ही कळविले आहे की, आईने शिकलेला शब्द राहू द्यावा. पुढेमागे त्याला स्वतःला दुसरा अधिक जवळचा वाटला, तर तोही तिला सांगावा. पहिल्याला दोन वर्षे लागली, दुसऱ्याला तितकी लागणार नाहीत.