मधुकरी आणि डबीतली गोळी

आपण गोंयकार दत्तभक्त गाणगापूरला जातो, भीमा-अमरजा संगमावर स्नान करतो आणि दुपारी मधुकरी मागतो. मधमाशी जशी प्रत्येक फुलावरून थोडेथोडेच घेते, तशी ही भिक्षा. कलबुर्गी जिल्ह्यातल्या त्या गावात मागे एकदा आमच्यातल्या एका काकांनी चहात साखरेऐवजी डबीतली गोळी टाकली आणि लगेच दोन पेढे तोंडात टाकले. वर म्हणतात कसे, "अरे, गोळी घेतली ना, मग पेढा चालतो!"

तेव्हा हसलो. नंतर मात्र वाटले, यात हसण्यासारखे काही नाही.

सॅकरीन १८७९ मध्ये सापडले, अस्पार्टेम १९६५ मध्ये. दोन्ही वेळा शास्त्रज्ञाच्या बोटाला चुकून काहीतरी गोड लागले म्हणून! अस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड, त्यामुळे कणभर पुरते. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सांगितले की, वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असली गोडके वापरू नयेत. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ही शिफारस लागू नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांचे ऐकावे. तेव्हा माझे भांडण काकांच्या गोळीशी नाही. गोळी घेतली म्हणजे पेढ्याची परवानगी मिळाली, या समजुतीशी आहे. चहातली चमचाभर साखर वाचवायची आणि दोन पेढ्यांची पोटात घालायची, हा कुठला हिशेब?

शेजारचा बिदर जिल्हा उसाचा. भालकीच्या बाजूला कन्नड आणि मराठी घरे एकमेकांना लागून. एक होळिगे म्हणते, दुसरे पुरणपोळी. गूळ दोन्हीकडे तोच. हा गूळ पुरणाला नुसती गोडी देत नाही; रंग देतो, वास देतो, आटून घट्टपणा देतो. अस्पार्टेम फार वेळ तापवले तर त्याची गोडीच उडते. जे चुलीवर टिकत नाही, ते सणाला काय टिकणार?

ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, असे आपले जुने लोक सांगून गेले. त्यांनी ऊस सोडायला सांगितले नाही, मूळ ठेवायला सांगितले. गोळीची जाहिरात मात्र उलट सांगते: मुळासकट खा, काही होत नाही!

काकांना एवढेच सांगावेसे वाटते. पेढा प्रसादाचा आहे, तर चिमूटभर घ्या आणि उरलेला शेजाऱ्याच्या हातावर ठेवा. मधुकरी मागायला आलो, ते थोडक्यात भागवायला शिकण्यासाठीच ना?