रिटायर्ड दादा आणि बिनाबोर्डाची संघटना

खरं सांगा, चाळिशीच्या आत रिटायर झालेली किती माणसं तुमच्या ओळखीची आहेत? माझ्या तर घरातच एक आहे. चुलतभाऊ, वय अडतीस. मी पुण्यात अजून अप्रेझलच्या मेलची वाट बघतोय आणि हा पठ्ठ्या पेन्शन घेतोय! शिपाई म्हणून भरती झाला, सतरा वर्षं फौजेत काढली आणि परत गावी. तिथं खालच्या रँकचा माणूस असा पस्तिशी-चाळिशीतच घरी येतो. पुढचं अख्खं आयुष्य उरलेलं असतं... आणि सोबत कागदांची एक जाडजूड फाइल.

मागच्या वीकेंडला लिंबागणेशला गेलो होतो. बीड तालुक्यातलं आमचं गाव, भालचंद्र गणपतीचं. दर्शन घेऊन बाहेर आलो, तर दादा चार-पाच माजी सैनिकांच्या घोळक्यात बसलेला.

"काय करायलास दादा?"

"मीटिंग चालूय. बस."

ना ऑफिस, ना बोर्ड, ना एसी. अजेंडा मात्र एकदम क्लिअर. एका काकूंचा हयातीचा दाखला अडकला होता. यजमान फौजी होते, ते गेल्यावर कुटुंबाची पेन्शन काकूंना मिळते. त्यासाठी आपण जिवंत आहोत हे दरवर्षी सांगावं लागतं. पण जन्मभर शेतात राबून बोटांच्या रेषाच झिजलेल्या. मशिन अंगठा घेईना! दाखला गेला नाही तर पेन्शन थांबणार.

"तुझा फोन भारीतलाय, आण इकडं," दादा म्हणाला. 2021 पासून चेहरा दाखवूनही हा दाखला देता येतो. काकूंनी पदर सावरला, कॅमेऱ्यात बघून डोळे मिचकावले आणि झालं काम. ज्या फोनवर मी दिवसभर रील्स बघतो, त्याच्यावर एका घराचं वर्षाचं रेशन अडलं होतं, बॉस!

रात्री डोक्यात तेच. ही भानगड सुरू कधी झाली? पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या आसपास माणसं गेली. साताऱ्याच्या एकट्या अपशिंगे गावाने 46 जण गमावले. परतलेल्यांची आणि मागे राहिलेल्यांची विचारपूस करायला 1919 मध्ये एक बोर्ड स्थापन झालं. आज त्याला केंद्रीय सैनिक बोर्ड म्हणतात. त्याखाली राज्य, मग जिल्हा. बीडचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय याच साखळीतलं.

आमच्या मराठवाड्याची गोष्ट मात्र जरा वेगळी. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, ते मोकळं झालं 17 सप्टेंबर 1948 ला. त्यामुळे इथं जुन्या माणसांसमोर 'सैनिक' म्हणा, त्यांना आधी मुक्तिसंग्रामातला स्वातंत्र्यसैनिक आठवतो. फौजेतून परतलेला नंतर!

कायदे होतात, आदेश निघतात. 'वन रँक, वन पेन्शन'साठी 2015 मध्ये माजी सैनिक दिल्लीत जंतरमंतरवर बसले, तेव्हा कुठं त्या वर्षी आदेश आला. 2020 मध्ये राज्य सरकारने माजी सैनिकांना घरपट्टी माफ केली. पण मुंबई-दिल्लीचा आदेश ग्रामपंचायतीच्या टेबलापर्यंत आपोआप चालत येत नाही ना! तो हातात धरून आणायला माणूस लागतो. देवळाबाहेरची ती मीटिंग म्हणजे नेमका तो माणूस.

निघताना एक पोरगा आला. भाऊ अग्निवीर आहे म्हणाला. 2022 च्या योजनेचे नियम तुम्हाला माहीत असतीलच: चार वर्षं नोकरी, त्यानंतर चारातला जास्तीत जास्त एक कायम. बाकीच्यांना एकरकमी पैसे मिळतात, पण पेन्शन नाही आणि 'माजी सैनिक' हा दर्जाही नाही. पहिल्या तुकडीची चार वर्षं 2026-27 मध्ये भरतात.

"मग तो परत आला तर तुमच्यात बसंल का?" पोराने विचारलं.

घोळका गप्प झाला. संघटनेत कोण बसणार, हा प्रश्न त्यांच्यापुढे असा कधी आलाच नव्हता. शेवटी दादा म्हणाला, "नियमात नसंल बसत. पण हितं बसायला कुठं नियम लागतोय? त्याला कंप्युटर येत असंल, आपल्यालाच कामाचा."

सगळे हसले. पोरगाही हसला, पण जरा उशिरा.

मंडळी, पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा फोन फुल चार्ज करून न्या. आणि देवळाबाहेर जरा वेळ बसा... एखाद्या काकूंचा अंगठा मशिन घेत नसेल!