शरदातील प्रवास आणि पश्चिमेची वाट

पाऊस ओसरला, रंगावलीचे पाणी निवळले आणि भाताच्या खाचरांवर पिवळी झाक चढली, की आमच्या नवापूर तालुक्यात दोन प्रकारच्या प्रवासांची तयारी एकाच वेळी सुरू होते. त्यांपैकी एका प्रवासाची चर्चा शाळेच्या शिक्षक-खोलीत, कचेरीत आणि चिंचपाडा स्टेशनाजवळच्या चहाच्या दुकानात मोकळेपणाने चालते. दुसऱ्याची चर्चा आपण सहसा करीत नाही. प्रस्तुत लेख पहिल्या प्रवासाविषयी आहे. परंतु दुसऱ्याचा विचार केल्यावाचून पहिल्याचा बेत पुरा होत नाही, असे आमचे मत आहे.

पहिला प्रवास दिवाळीच्या सुटीतील सहलीचा. पूर्वी नाशिक, शिर्डी, फार तर सापुतारा येथवर जाणारी ही सहल आता लांबवर जाऊ लागली आहे. चार-सहा कुटुंबे मिळून गाडी ठरवितात आणि अरण्ये पाहावयास निघतात. ही गोष्ट स्वागतार्हच म्हटली पाहिजे. मात्र महाराष्ट्रातील सहा राष्ट्रीय उद्यानांपैकी ताडोबा, पेंच, नवेगाव आणि गुगामल ही चार विदर्भात. चांदोली सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे आणि उरलेले एक मुंबईच्या कुशीत. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात एकही नाही. याउलट सरहद्द ओलांडून पश्चिमेस गेले, तर वांसदा, वेळावदर, गीर आणि कच्छच्या आखातातील सागरी उद्यान ही गुजरातची चारही राष्ट्रीय उद्याने एका दीर्घ प्रवासात गुंफता येतात. डोंगरातले ओले रान, समुद्राकाठचे गवताळ माळ, सौराष्ट्रातील कोरडे सागवान आणि भरती-ओहोटीतील प्रवाळ अशी चार प्रकारची सृष्टी पंधरा दिवसांत पाहावयास मिळणे, ही सामान्य संधी नव्हे.

परंतु बेत आखताना आपण काय करतो? कागदावर गावांची नावे लिहितो, किलोमीटर मोजतो आणि 'जाताच आहोत तर' या तीन शब्दांच्या मोहाने त्यात सोमनाथ, द्वारका, दीव आणि केवडियाचा पुतळाही कोंबतो. मग दिवस गाडीत जातो, रात्र मुक्काम शोधण्यात जाते आणि अरण्याच्या वाट्यास येतात दोन तास. त्यातही सिंह दिसला नाही की 'पैसे वाया गेले' अशी हळहळ! आमचे म्हणणे असे की, या प्रवासाचे वेळापत्रक आपल्या सोयीने ठरत नाही. ते अरण्य, ऋतू आणि समुद्र ठरवितात. आपण ते वाचावयास शिकले पाहिजे, आणि त्यासाठी घरातील भिंतीवरचे पंचांग पुरेसे आहे.

गीरचे अरण्य पावसाळ्यात 16 जून ते 15 ऑक्टोबर बंद असते. तो काळ प्राण्यांच्या विणीचा आणि चिखलवाटांचा. दिवाळीत ते खुले असते, पण त्याच आठवड्यात सारा गुजरात घराबाहेर पडतो आणि ही गर्दी लाभपंचमीपर्यंत टिकते. पुढे कार्तिक शुद्ध एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत गिरनारची परिक्रमा चालते आणि जुनागढच्या वाटा यात्रेकरूंनी भरून जातात. म्हणजे शांतपणे गीर पाहावयाचे, तर अष्टमी ते दशमी हे तीन दिवस उत्तम. सागरी उद्यानाचे गणित याहून वेगळे. जामनगरजवळ नरारा येथे ओहोटी लागली की समुद्राचा तळ उघडा पडतो आणि माणसाला पायी चालत प्रवाळ, तारामासे, खेकडे पाहता येतात. सर्वांत मोठी ओहोटी अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास येते, आणि तिची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. तेव्हा तेथे पौर्णिमेच्या आसपास पोहोचावे.

आता हे सारे जुळवून पाहावे. भाऊबीज घरी करून तृतीयेस निघावे. आहवा, वघईमार्गे वांसद्यास दोन दिवस. तेथून सुरतेस उतरून हाजिऱ्याहून घोघ्यास जाणारी, 2020 मध्ये सुरू झालेली गाड्यांची फेरीबोट चालू असल्याची खात्री करून घ्यावी. ती मिळाल्यास खंभातच्या आखाताचा सारा वळसा वाचतो. षष्ठी-सप्तमीस वेळावदर, अष्टमी ते दशमी गीर, एकादशीस परिक्रमेची गर्दी लोटत असताना आपण जामनगरकडे वळावे आणि पौर्णिमेच्या ओहोटीत नरारा पाहून परतावे. चार ठिकाणे, प्रत्येकी निदान दोन दिवस. आणि सूर्यास्तानंतर अरण्यातील रस्त्यांवर गाडी हाकावयाची नाही, हा नियम. प्रवेशाचे परवाने मर्यादित असतात. ते वनखात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून पुष्कळ आधी घ्यावेत, दलालाच्या भरवशावर राहू नये.

शरदात रान दाट आणि गवत उंच असते. उन्हाळ्याप्रमाणे प्राणी पाणवठ्यावर सहज दिसत नाहीत, हे आधीच मान्य करून निघावे. त्या मोबदल्यात जे मिळते ते थोडके नाही. वेळावदरचे उद्यान 1976 चे, क्षेत्र जेमतेम 34 चौरस किलोमीटर. तेथे काळविटांचे कळप तर आहेतच. परंतु शरदाच्या अखेरीस मध्य आशियातून आलेले भोवत्या जातीचे शिकारी पक्षी संध्याकाळी त्या गवतात शेकड्यांनी उतरतात, हे दृश्य पाहिलेला मनुष्य 'माळरान म्हणजे पडीक जमीन' असे पुन्हा म्हणणार नाही. गीरला 1965 मध्ये अभयारण्याचा आणि 1975 मध्ये त्याच्या गाभ्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. 2025 च्या गणनेत सिंहांची संख्या 891 भरली. हे यश खरेच. तरीही आशियाई सिंहांची मुक्त वस्ती जगात या एकाच मुलखात आहे, आणि 2018 मध्ये साथीच्या रोगाने तेथे सिंह दगावले तेव्हा त्यातला धोका सर्वांच्या ध्यानी आला. सिंहांचे दुसरे घर कुनो येथे वसवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये दिला होता. कुनोत 2022 मध्ये चित्ते आले. सिंह अद्याप गेलेले नाहीत. शिक्षकाने विद्यार्थ्यांना सांगावे असे बरेच काही यात आहे.

गीरमध्ये आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे. त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या म्हशी राखणाऱ्या मालधारी कुटुंबांपैकी अनेकांना 1970 नंतरच्या दशकात बाहेर हलविण्यात आले. काहींचे नेस अभयारण्यात अजूनही आहेत. राष्ट्रीय उद्यान म्हणजे कायद्याने मनुष्याचे चराईचे आणि वस्तीचे हक्क जेथे उरत नाहीत अशी भूमी. अरण्य वाचले ही जमेची बाजू. कोणाचे घर गेले ही खर्चाची. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील गावे गेलेली पाहणाऱ्या आमच्या जिल्ह्यातील माणसाला तरी हा हिशेब समजावून सांगण्याची गरज पडू नये. त्याने सिंहाबरोबर मालधाऱ्याचीही विचारपूस करावी.

आणि येथेच त्या दुसऱ्या प्रवासाकडे यावे लागते. दिवाळी आटोपली, भात घरात आले, की आमच्या पाड्यांवरील कितीतरी कुटुंबे कोयते आणि भांडीकुंडी घेऊन ट्रकमध्ये चढतात आणि सोनगड, व्यारा, बारडोलीच्या दिशेने ऊसतोडीस निघून जातात. हंगाम पार उन्हाळ्यापर्यंत चालतो. त्यांच्यासोबत त्यांची मुलेही जातात, आणि दुसऱ्या सत्रात वर्गातले बाक रिकामे पडतात. हजेरीपटावर ज्या नावांपुढे आपण रोज गैरहजेरीची खूण करतो, त्या मुलांचाही प्रवास पश्चिमेचाच असतो. त्यांचा बेत मुकादमाने दिलेली उचल ठरविते. वाटेपासून काही तासांच्या अंतरावर वांसद्याचे राष्ट्रीय उद्यान आहे. 1979 मध्ये घोषित झालेले, सुमारे 24 चौरस किलोमीटरचे ते सागाचे आणि बांबूचे रान. हे त्या मुलांना कोणी सांगितलेले नसते. त्यांच्या आजोबांना त्यातील प्रत्येक झाडाचे नाव आणि उपयोग ठाऊक असतो, ही गोष्ट वेगळी.

कोणी म्हणेल, सुटीतील सहलीशी याचा काय संबंध? वर्षभर राबलेल्या शिक्षकाने, कारकुनाने चार दिवस मोकळा श्वास घ्यावयाचा, की तेथेही समाजाचे ओझे वाहावयाचे? आक्षेप रास्त आहे. सहल टाळा, असे आम्ही म्हणत नाही. ती अवश्य करा. आमची सूचना लहान आहे. मोठ्या प्रवासाआधी एक छोटा प्रवास करावा. ज्या वर्षी दिवाळी उशिरा येते, त्या वर्षी पावसाळी बंदी उठणे आणि सुटी लागणे यांमध्ये काही दिवस मिळतात. सहामाही परीक्षा संपताच, ट्रक येण्यापूर्वी, शाळेने आपल्या मुलांना एक दिवस वांसद्याच्या रानात आणि वघईच्या वनस्पती उद्यानात न्यावे. सोबत गावातील झाडपाला जाणणारा एखादा म्हातारा न्यावा आणि त्या दिवशी शिक्षकाने त्याचे विद्यार्थी व्हावे. पंधरा दिवसांच्या सहलीला प्रत्येक कुटुंब जो खर्च करते, त्यातील एका मुक्कामाचा खर्च वाचविला तरी या दिवसाच्या खर्चाचा बराचसा भार उचलला जाईल. शाळेला शक्य असेल तेथे शाळेने आणि नसेल तेथे आपण, अशी वाटणी करावी.

मग तृतीयेस खुशाल निघावे. पंधरवड्याने परतताना बारडोली ओलांडल्यावर उसाच्या फडांच्या कडेला खोपटी दिसतील, आणि एखादे पोर गाडीकडे पाहत उभे असेल. कदाचित ते आपल्याच वर्गातले असेल. गाडी थांबवावी, खाली उतरावे आणि त्याला वेळावदरच्या काळविटांविषयी सांगावे. ते आपल्याला वांसद्यात पाहिलेल्या भेकराविषयी सांगू शकेल की नाही, हे मात्र आपण दिवाळीपूर्वी काय केले त्यावर अवलंबून राहील.