पूल ओलांडताना जरा जपून!

न्यू जर्सीत ऑनसाइटला गेलेला एक तरी मित्र प्रत्येकाला असतोच. वीकएंडला तो गाडी काढून फिलाडेल्फियाला जातो. मध्ये डेलावेअर नदीवरचा पूल. टोल भरला की राज्य बदललं, बस्स! पण गाडीत पिस्तूल असेल तर राज्य बदलणं भलतंच महागात पडू शकतं.

२०१३ मध्ये फिलाडेल्फियाकडून येणाऱ्या एका बाईंना ते पडलं. पेनसिल्व्हेनियाचं रीतसर परमिट जवळ होतं. न्यू जर्सीत पोलिसांनी गाडी अडवली, तेव्हा त्यांनी स्वतःहून सांगून टाकलं, पिस्तूल आहे म्हणून. प्रामाणिकपणा नडला! ते परमिट तिथे चालतच नाही. अटक, खटला, काही वर्षांच्या कैदेची टांगती तलवार... शेवटी २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी यांनी माफी दिली.

म्हणाल, अमेरिकेच्या घटनेत १७९१ पासून शस्त्राचा हक्क आहे ना? आहे की. पण घरात पिस्तूल ठेवणं हा एकेका नागरिकाचा हक्क, हे सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं ते थेट २००८ मध्ये. डिक हेलर हा वॉशिंग्टनमधला सिक्युरिटी गार्ड. ड्युटीवर पिस्तूल, घरी मात्र बंदी! तो जिंकला, ५ विरुद्ध ४. हाच हक्क राज्यांना आणि शहरांनाही पाळावा लागेल, असं कोर्टाने २०१० मध्ये शिकागोच्या खटल्यात सांगितलं.

न्यूयॉर्क मात्र हट्टी. तिथे १९११ पासून परवाना लागतो, आणि पिस्तूल घेऊन बाहेर फिरायचं तर खास कारणही दाखवावं लागे. २०२२ मध्ये कोर्टाने ती अट उडवली. म्हणे, कायदा देशाच्या जुन्या परंपरेत बसतो का ते बघा. म्हणजे सबवेच्या गर्दीचा फैसला घोडागाडीच्या काळावरून! न्यूयॉर्कने आठवडाभरात नवा कायदा केला. शाळा, सबवे, टाइम्स स्क्वेअर, कुठेच पिस्तूल न्यायचं नाही.

मला विचाराल तर न्यूयॉर्कचंच पटतं. वायोमिंगच्या माळरानावर बंदूक लागत असेलही, पण टाइम्स स्क्वेअरमध्ये धक्का लागल्याशिवाय चालता येत नाही. फक्त, असं म्हणताना त्या बाई आठवतात. आपल्या राज्याचा नियम पाळूनच निघाल्या होत्या त्या.

आणि आपला मित्र? तो एच-वन-बीवर असेल तर केंद्राचाच कायदा त्याला एरवी बंदूक बाळगू देत नाही. अपवाद कसला, माहितीये? शिकारीचं लायसन्स!