चित्रओळीची पळवाट

ओनोरे दोमिएच्या शिलामुद्रित व्यंगचित्रांविषयी लिहिताना समीक्षक जो सोयीस्कर जमाखर्च मांडतात, त्याची एकदा झडती घ्यायला हवी. पॅरिसच्या 'ल शारिव्हारी'तील त्याच्या चित्रांखालच्या चित्रओळी बहुतांशी इतरांनी लिहिलेल्या, हे सर्वमान्य आहे. त्यावरून निष्कर्ष काढला जातो तो असा, की चित्र दोमिएचे, हेटाळणी मात्र संपादकाची. या चित्रांना खालच्या मजकुराची फारशी गरज नाही, असे बोदलेअरने १८५७ मध्येच म्हटले होते. त्या कलाविषयक अभिप्रायाचा उपयोग आता नैतिक जामीन म्हणून केला जातो.

परंतु हा नियम सर्वत्र पाळला जातो काय? 'रॉबेर माकेर' (१८३६-३८) या मालिकेतील ठकसेनाच्या तोंडचा मजकूर शार्ल फिलिपाँचा. तेथे मात्र पैशाच्या राज्यावरील भाष्याचे श्रेय दोमिएला बिनदिक्कत दिले जाते. श्रेयाच्या वेळी कर्ता एक, दोष आला की कर्ते दोन!

१८४४ ची 'ले बा-ब्लो' ही चाळीस चित्रांची मालिका पाहावी. 'निळे मोजे' हे लेखन करणाऱ्या स्त्रियांना हिणवण्यासाठी रूढ झालेले नाव. एका चित्रात आई लिहिण्यात गढली आहे आणि तिचे मूल स्नानाच्या टबात डोके खाली करून पडले आहे. चित्रओळ हाताने झाकली तरी आरोप पुरता कळतो. म्हणजे बोदलेअर येथे खरा ठरतो आणि नेमका त्यामुळेच बचाव कोसळतो. आई आणि मूल यांना एका चौकटीत असे बसवणारी रेषा कोणा संपादकाची नाही.

यावर दुसरा बचाव तयार असतो : १८३५ च्या सप्टेंबर कायद्यांनी चित्रांवर पूर्वपरवानगीचे बंधन लादले, राजकीय व्यंग अशक्य झाले, म्हणून दोमिए नाइलाजाने घरगुती विषयांकडे वळला. १८३२ मध्ये राजाच्या चित्रापायी तुरुंगात गेलेल्या, १८३४ मध्ये 'रू त्राँस्नोनँ'मधला, मुलावर कोसळून मेलेला माणूस काढणाऱ्या चित्रकाराच्या बाबतीत हे म्हणणे अंशतः मान्य करता येईल. पण १८४८ च्या क्रांतीनंतर ते कायदे रद्द झाले. लुई-फिलिप परागंदा झाला. आणि १८४९ मध्ये, मोकळ्या हाताने, दोमिएने समाजवादी स्त्रियांची टिंगल करणारी 'ले फाम सोसिआलिस्त' ही मालिका काढली. तिचा नाइलाज कोणता, हे जामीनदारांनी सांगावे.